आतून घासलेली किटली

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी किटली आहे. आज मी काळपट दिसते. पण दोन वर्षे मी आरशासारखी चकाकत होते. माझ्या आयुष्यातली तीच वर्षे सगळ्यात वाईट.

तांबटाने मला ठोकून घडवले तेव्हा पोट मोठे आणि तोंड अरुंद ठेवले. एका शिंप्याच्या बायकोने मला घरी आणले. रविवारी चर्चमधली उपासना संपली की ती माझ्यातून मंडळीला चहा देई. घरी आली की आधी हात आत घालून तळ घासून काढी. तिचा हात लहान, सहज आत जाई. बाहेरून मात्र मी काजळीने काळी.

शिंपी म्हणे, "अगं, लोक बाहेरचं बघतात!"

"आणि पितात काय, बाहेरचं?" ती हसे.

मग ती आजारी पडली. तिच्या धाकट्या बहिणीला निरोप गेला. ती पोहोचली तेव्हा खाट रिकामी झाली होती.

"आता कशाला आलीस?" शिंपी दारातूनच म्हणाला, आणि त्याने दार लावले.

पुढे तो मला रोज लिंबू-मिठाने घासू लागला, बाहेरून. त्याचा रुंद पंजा आत जाईना, म्हणून त्याने आतला नाद सोडला. स्वतःपुरता कपभर चहा तो पातेल्यात करी. उपासनेत पहिल्या बाकावर बसून क्षमेची प्रार्थना खणखणीत आवाजात म्हणे. लोक त्याची वाहवा करत, घरी आले की माझीही. झाकण कोणीच उघडत नसे. फळीवर मी एकटी, आणि माझ्या पोटात हिरवी पुटे चढत होती.

एका दुपारी पाळकसाहेब आले. सोबत धाकटी होती. पाळकांसमोर तिला घरात नको कसे म्हणणार? शिंप्याने मोठ्या ऐटीत मला खाली काढले, पाणी भरले, चहा उकळला. पांढऱ्या कपात हिरवट कण तरंगले. पाळकांनी कप उचलला.

"थांबा!" धाकटीने त्यांचा हात धरला. झाकण काढून तिने आत पाहिले. "दाजी, ताईनं हिला असं कधी ठेवलं नव्हतं."

शिंप्याने आपला पंजा माझ्या तोंडाशी आणून पाहिला. "माझा हात जात नाही आत," तो म्हणाला. मग तो तिच्याकडे वळला. "धाकटे, दोन वर्षं मी देवापुढे क्षमा-क्षमा करतोय. पण तुझं नाव निघालं की आत नुसतं कडू होतं."

"गाडी चुकली होती, दाजी. स्टेशनावरच रडत बसले होते मी."

"आणि मी तुला विचारलंसुद्धा नाही."

तिने बाही वर केली. तिचा हात आत आला आणि मी दचकले. तोच हात, तेवढाच! ती घासत राहिली, तो रडत रडत पाणी ओतत राहिला. पाळकांनी उपदेश केला नाही; ते गुपचूप पाण्याचे चौथे पातेले भरून आणत होते.

आता धाकटी महिन्यातून एकदा येते आणि मला आतून घासते; बाहेरचे लिंबू-मीठ बंद झाले. बाकीचे दिवस मी फळीवर आणि तो मशीनवर. तो हल्ली शेवटच्या बाकावर बसतो म्हणे. घरी मात्र हळूच पुटपुटतो, "प्रभू, तूच आतून धू. माझा हात पोचत नाही."

मित्रांनो, चकाकी पाहून कोणाला निर्मळ समजू नका, स्वतःला तर नाहीच. आधी झाकण उघडा. आणि आपला हात पोचत नसेल, तर लाजू नका, हाक मारा.