वाढत्या मापाची खाट

रुपचंदने डोळ्यांवरची काच बाजूला केली, तेव्हा शेजारच्या सायकल दुकानाचा कौतिक त्याच्या हातातून वेल्डिंगचा होल्डर काढून घेत होता.

"घर चाल," कौतिक म्हणाला. "बठ्ठं राहू दे तठेच."

मशीन बंद केलं तेही कौतिकनेच. दुपारचे अडीच वाजले होते. पाचोऱ्याच्या त्या गल्लीतून घरापर्यंत चालत दहा मिनिटं लागत. कौतिकने त्याचा दंड धरून ठेवला होता आणि वाटेत एक शब्दही काढला नाही. त्यावरूनच रुपचंदला काय ते कळलं.

पुढच्या खोलीत धोतराच्या घडीवर पियुषला ठेवलं होतं. पाच महिन्यांचं पोर. कोणीतरी त्याचं तोंड पुसून केस नीट बसवले होते. हेमांगी भिंतीला टेकून बसली होती. नवऱ्याला बघून ती म्हणाली, "तो कडले गया व्हता." पुन्हा एकदा म्हणाली, "पार कडले." कुठल्या कडेला, कसा गेला, हे रुपचंदने विचारलं नाही. तसं विचारायची ती वेळ नव्हती, आणि नंतर वेळ आली तेव्हाही त्याने विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत घरात एकच बोलणं झालं. पोर खाटेत होतं, आई खाली चटईवर होती, आणि तिला झोप लागली. रुपचंदची आई ताईबाई येईल त्या बाईला सांगत होती, "ती झोपनी की कानपाशी नगारा वाजाडा तरी उठे नही." दुसऱ्या दिवशी सोनगीरहून हेमांगीची आई आली. शेवंताबाईने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांदेखत लेकीच्या थोबाडीत मारली. हेमांगीने हात आडवा केला नाही, मानही बाजूला घेतली नाही. रुपचंद दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला तो हात धरता आला असता. त्याने धरला नाही, कारण मनातून तोही तेच धरून होता, की हिला झोप लागली.

पाचव्या दिवशी त्याने ग्राइंडर लावून खाटेचे तुकडे केले आणि भंगारवाल्याला उचलायला सांगितले.

त्यानंतर हेमांगी दिवसा कधी झोपली नाही. दुपारी डाळ निवडताना डोळा लागायला लागला की उठायची आणि झाडलेलं अंगण परत झाडायची. दुसरं मूल झालं नाही. चौथ्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला, तो उतरेना. जळगावच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं होतं, तरी दुपार झाली की ती उठून बसायची. सिस्टर म्हणायची, "ताई, पडा ना जरा, कोणी काही म्हणत नाही." हेमांगी पडायची नाही. सहाव्या दिवशी दुपारी ती गेली, तीही बसल्या बसल्याच. या गोष्टीला आता आठ महिने झाले होते.

*

रुपचंदचा धाकटा भाऊ समाधान केळीच्या वखारीत कामाला होता. त्याच्या बायकोला, कामिनीला, धुळ्याला माहेरी मुलगी झाली. मुलगी दोन महिन्यांची झाल्यावर कामिनी पाचोऱ्याला येणार होती, आणि येण्याआधी बाळासाठी कठड्याची खाट घरात पाहिजे असं तिने फोनवर बजावलं होतं. रुपचंदने खाट करावी असं घरात कोणी म्हणालं नाही. तोही म्हणाला नाही. पण शनिवारी समाधान दुकानात येऊन उभा राहिला.

"दादा, जळगावले चाल. माले लोखंडमधलं काय समजस? ते काहीबी गयामा मारतीन."

जळगावच्या त्या दुकानात खाटा ओळीने मांडल्या होत्या. दुकान सांभाळणारी डिंपल नावाची तिशीतली बाई होती. पायाजवळ तिचं स्वतःचं पोर रांगत होतं आणि ती एका पायाने त्याला दाराकडे जाण्यापासून अडवत गिऱ्हाइकांशी बोलत होती.

रुपचंद खाटा बघायला लागला आणि समाधानला जरा बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी दादा कशात तरी लक्ष घालत होता. त्याने प्रत्येक खाटेचा कठडा दोन्ही हातांनी धरून हलवला. खाली वाकून सांधे पाहिले. रंगावर नख ओढून वास घेतला. एका खाटेच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "याला वेल्डिंग म्हणतात का? थुंकून चिकटवलंय."

"अहो भाऊ, कंपनीचा माल आहे," डिंपल म्हणाली.

"कंपनीत काय देव टाके मारतात का?"

मग तो एका खाटेवर दोन्ही हात टेकून सगळं वजन टाकून उभा राहिला.

"दादा," समाधान म्हणाला, "पोरगी झोपाडनी शे. बैल नही बांधना."

डिंपल हसली. रुपचंदलाही किंचित हसू आलं. त्याने सगळ्यात मोठी खाट पुढे ओढली. "ही बरी आहे. भक्कम आहे, आणि वाढत्या मापाची आहे. चार-पाच वर्षं बघायला नको."

"ती घ्यायची तर तिचीच गादी घ्या," डिंपल म्हणाली. "घरची टाकू नका."

"घरची का नको? कापसाची आहे. घरी कापूस पडलाय."

"कापसाबद्दल नाही म्हणत मी." तिने पोराला उचलून कडेवर घेतलं आणि खाटेजवळ आली. "मजबुती सगळेच बघतात, भाऊ. तुमच्यासारखे बाप, काका येतात, हलवून हलवून खिळखिळी करतात. फट कोणी बघत नाही. इथे हात घाला."

तिने गादी आणि कठडा यांच्यामधली जागा दाखवली. रुपचंदने बोटं घातली. दोन बोटं कशीबशी गेली.

"एवढीच पाहिजे. याहून जास्त नको. गादी लहान पडली की बाळ सरकत सरकत कडेला येतं आणि त्या फटीत जातं. तोंड गादीत दाबलं जातं. मग रडताही येत नाही त्याला, आवाजच निघत नाही. आई शेजारी टक्क जागी बसलेली असली तरी तिला कळत नाही."

"जागी असली तरी?" रुपचंदने विचारलं.

"आवाजच नाही तर कळणार कसं?"

रुपचंदने बोटं बाहेर काढली नाहीत. डिंपल समाधानला दुसरी, लहान खाट दाखवायला लागली. समाधान काहीतरी विचारत होता, ती सांगत होती.

त्याच्या खाटेत फट होती. ती त्याला चांगली ठाऊक होती, कारण एकदा पियुषचा खुळखुळा तिच्यात पडला होता आणि रुपचंदने कोपरापर्यंत हात घालून तो काढला होता. खाट त्याने स्वतः केली होती, चौकोनी पाइपची, वाढत्या मापाची. घरात आली त्या दिवशी आत उभं राहून त्याने सगळ्यांना दाखवली होती. गादी सोनगीरहून आली होती, रिवाजाप्रमाणे, पाळण्याच्या नेहमीच्या मापाची. पहिल्याच दिवशी हेमांगीने ती अंथरली, या कडेला ओढली, मग त्या कडेला ओढली, आणि म्हणाली, "गादी तोकडी पडस हो." तो म्हणाला होता, "गादी तोकडी नही. खाट मोठी शे. पाच वरीसनी सोय करी ठेवी मी." दिवाळीला मोठी गादी भरून घेऊ, असंही म्हणाला होता. दिवाळी तेव्हा तीन महिन्यांवर होती.

तो कडले गया व्हता, हेमांगीने सांगितलं होतं. पार कडले.

"दादा? ही कशी शे?" समाधान लहान खाटेजवळ उभा होता.

रुपचंद तिथे गेला. त्याने गादीच्या चारी बाजूंनी बोटं फिरवली. मग गादी काढली, उलटी घातली, आणि परत चारी बाजूंनी बोटं फिरवली.

"हीच घे," तो म्हणाला. "आणि गादी बदलायची नाही. कोणी कितीही चांगली दिली तरी नाही. कामिनीले सांग. माय काही म्हणनी तर मना नाव सांग."

मग तो बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसला. समाधान पावती घेऊन आला तेव्हा तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. भाजलं-बिजलं का, असं समाधानने विचारलं. नाही म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सोनगीरला निघाला. धुळ्याला गाडी बदलली, शिरपूरच्या एसटीत उभ्यानेच गेला. काय बोलायचं ते त्याने वाटेत ठरवलं होतं. फार नव्हतं. तुमच्या पोरीचा काही दोष नव्हता. ती जागी असती तरी तेच झालं असतं. खाट मी चुकीची केली होती. एवढं बोलायचं, मग त्या काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं. मारलं तर मारून घ्यायचं.

शेवंताबाई अंगणात बिबड्या घालत होत्या. बाजेवर लुगडं पसरून त्याच्यावर ज्वारीच्या पिठाच्या गोल चकत्या थापत होत्या. जावयाला बघून त्यांनी पिठाचे हात तसेच धरले आणि कोपराने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"या, जवाई. उनमा आले? बसा." त्यांनी अर्धवट वाळलेली एक बिबडी काढून त्याच्या हातात दिली. "खा. हेमांगीले ओल्याच आवडेत."

तो खाऊ लागला. त्या समोर बसल्या. त्यांना वाटलं, जावई काहीतरी मनात धरून आला आहे आणि त्याला बोलायला अवघड जातं आहे. म्हणून त्यांनीच सुरुवात केली.

"माले समजी गयं तुम्ही कसाले आले. लोके मना कानवर घाली गयात. पाचोऱ्यामा तुम्हनासाठी पोर देखी राहिनात ना?"

"नाही, तसं नाही," रुपचंद म्हणाला.

"लाजू नका. मी नाही म्हणाव नही. तुम्हनं वय काय शे? छत्तीस? करी ल्या लगीन. मना मनमा काही नही." त्या थोडं थांबल्या. पिठाचं बोट पातेल्याच्या काठाला पुसलं. "फक्त एक सांगस. यानी येळले झोप जागी देखा. जिले पोर हललं की जाग येस, अशी करा."

रुपचंदने बिबडी खाली ठेवली.

"मावशी, हेमांगीची झोप..." तो म्हणाला. पुढे म्हणाला, "ती खाट. ती मी मोठी केली होती. मापापेक्षा मोठी."

"चांगलीच व्हती खाट," त्या म्हणाल्या. "मी देखी ना. एवढी भक्कम खाट आमना गावमा कोन्हाकडे नव्हती. तुम्ही काय कमी करं? आणि मी तरी काय कमी करं? बठ्ठं धाडं. ती गादी ते मी मना हातनी येचेल कापूसनी भरी. सरकी राहायनी का म्हनीसन दोनदा निवडी. पिंजारीले सांगं, मना नातू निजाव शे तेवर, गाठ राहाले नको. तीन पाळण्यांसले माप लाई देखं मी, आख्ख्या गल्लीमा फिरीसन." त्या हातांकडे बघत बोलत होत्या. "चार वरीस मी तेच म्हनी राहिनू. मना कडून काही कमी नव्हतं. मनी पोरीनं कमी पडं, पण मना कडून नही."

गादी तोकडी होती, हे सांगितल्याशिवाय खाट मोठी होती हे सांगता येत नव्हतं. रुपचंदने ते मनातल्या मनात दोन-तीन प्रकारांनी जुळवून पाहिलं. खाटेचं सांगितलं की त्या गादीचं विचारणार होत्या. त्यांनी माप लावून पाहिलेल्या तीन पाळण्यांपर्यंत तेच बोलणं जाणार होतं.

"काय, जवाई?" शेवंताबाईंनी विचारलं. "काय सांगत व्हतात खाटनं?"

"काही नाही," रुपचंद म्हणाला. "समाधानच्या पोरीसाठी काल एक घेतली. लहान घेतली."

"बरं करं," त्या म्हणाल्या. "पोर झोपाडाले कितली जागा लागस?"

त्यांनी परत पीठ हातात घेतलं. तो आणखी अर्धा तास बसला, चहा घेतला आणि बाराच्या गाडीने परत फिरला.

कामिनी पुढच्या आठवड्यात आली. पोरगी त्या खाटेत झोपते. ताईबाई सुनेला रोज दुपारी बजावते, झोप लागू देऊ नको, या घरात एकदा झालंय. रुपचंद त्या वेळी घरी असला की उठून दुकानात जातो. त्यानंतर तो दोनदा सोनगीरला जाऊन आला, एकदा शेंगा घेऊन आणि एकदा नुसताच. हेमांगीच्या झोपेचा दोष नव्हता, हे त्याने अजून ना तिच्या आईला सांगितलंय, ना स्वतःच्या.