सुनेचा पायगुण आणि पितळेचा गुण

नवी सून घरात आली आणि आठ-दहा दिवसांत काही बिघडलं, तर दोष कुणाचा? वाचकहो, आपल्या बुखाऱ्यात हा प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण उत्तर आधीच तयार असतं. गाय आटली, सुनेचा पाय. सासऱ्याला शिंका आल्या, सुनेचा पाय.

माहफिरत-आपांच्या घरी तर चौदा माणसं एकदम ओकली. त्यांच्या मुलाच्या, इक्रोमच्या, लग्नाच्या दहाव्या दिवशी आपांनी गल्लीतल्या बायकांना चालोप प्यायला बोलावलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, पातळ आंबट दही, त्यात काकडी, मुळा, शेपू. दोन-दोन वाट्या सगळ्यांनी रिचवल्या आणि तासाभरात एकेक जण पोट धरून अंगणाच्या कोपऱ्यात धावला. आपा, त्यांचे यजमान हमरोकुल-आका, मुलगा इक्रोम, शेजारची सलोमत, कुणीच सुटलं नाही. ठणठणीत राहिली ती एकटी नवी सून झुलहुमोर. तिने घोटही घेतला नव्हता. घेणार कशी? नव्या सुनेने वाट्या भरत उभं राहायचं असतं, बसून प्यायचं नसतं.

"सगळे आडवे आणि ही तेवढी उभी," सलोमत कण्हत म्हणाली. "पांढऱ्या पायाची आहे हो आपा, तुमची सून."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे बरे झाले, पण तोवर आपांनी स्वतःच ते वाक्य नऊ घरी पोचवलं होतं. मग त्यांनी सुनेला कपडे बांधायला सांगितलं आणि नेमत उस्तांना बोलावणं धाडलं. उस्ता म्हणजे बाजारातले म्हातारे तांबट. हे स्थळ त्यांनीच जुळवलं होतं, तेव्हा मुलीला गिज्दुवानला माहेरी पोचवायचं कामही त्यांच्याच गळ्यात.

"तुम्ही आणलीत, तुम्हीच न्या," आपांनी चहा पुढे करत सांगितलं. इक्रोम मान खाली घालून बसला होता. दाराआडून झुलहुमोरचे हुंदके ऐकू येत होते. दहा दिवसांचा संसार त्या बिचारीचा, तोही मोडायला निघाला होता.

उस्तांची नजर ओसरीला टेकवून ठेवलेल्या भल्यामोठ्या पितळी पातेल्यावर खिळली होती. ते उठले, वाकले आणि आतून बोट फिरवलं. बोट हिरवं झालं.

"ह्याची कल्हई कुणी सोलली?"

"सोलली काय, घासली असेल पोरीने," आपा म्हणाल्या.

"पोरीने?" हमरोकुल-आका पहिल्यांदाच बोलले. "अगं, लग्नाआधी तीन दिवस तूच घासत होतीस. विटेची पूड मी कुटून दिली. अजून खांदा दुखतोय माझा."

"पाहुण्यांसमोर आतूनही सोन्यासारखं दिसायला नको?" आपा पुटपुटल्या.

"आणि चालोपचं दही ह्यातच विरजलंत?"

"रात्रभर."

उस्तांनी कपाळाला हात लावला. "आपा, पन्नास वर्षं पितळ ठोकतोय मी. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं. तांब्याहून कडक, नक्षी धरणारं, कधी न गंजणारं. त्याची सुरई करा, दाराची कडी करा, हमामाचा नळ करा, नातवंडं वापरतील. पण त्याला आंबट सोसत नाही. आंबट लागलं की ते कळकतं, हा असा हिरवा कळक धरतं, आणि तो पोटात गेला की माणूस ओकतो. म्हणून आतून कथलाची कल्हई. ती पांढरी दिसते, तुमच्या डोळ्यांत ती मळ झाली. आता सांगा, ह्यात पोरीचा पाय कुठे आला? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

आपांचा चेहरा उतरला.

"पातेल्याला तासाभरात कल्हई करून देतो," उस्ता म्हणाले, "पण नऊ घरी जे बोलून आलात, त्याला कसली कल्हई करू?"

आपा उठल्या. डोक्यावर रुमाल बांधला आणि थेट सलोमतचं दार वाजवलं. "सलोमत, सुनेचा पाय नव्हता गं, माझा हात होता."

"अगं बाई, पण मी तर पलीकडच्या गल्लीतही सांगून आले!"

"मग चप्पल घाल आणि चल."

दोघी संध्याकाळपर्यंत दारोदार फिरल्या. काही ठिकाणी हशा झाला, काही ठिकाणी टोमणे मिळाले. आपांनी सगळे मुकाट्याने घेतले. घरी येऊन त्यांनी सुनेचे हात धरले आणि त्या म्हणाल्या, "चुकले गं पोरी. माफ कर."

झुलहुमोर हळूच म्हणाली, "ओयीजान, मला माफी नको. पुढच्या महिन्यात सलोमत-आपांकडे सून येतेय. तिच्या पायांकडे कुणी बघू नये, तेवढं करा."

ती सून आली, आणि नेमक्या त्याच सकाळी सलोमतचा तंदूर भाकऱ्यांसकट ढासळला. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, मग सगळ्यांच्या नजरा नव्या सुनेच्या पायांकडे वळल्या. ती बिचारी जागच्या जागी गोठली.

तेवढ्यात माहफिरत-आपा पुढे झाल्या. "तंदूर वीस वर्षांचा होता, बायांनो. चिखल कालवा, नवा घालू."

वाचकहो, घरात काही बिघडलं तर आधी भांडं बघा, चूल बघा, आपले हात बघा. परक्याची लेक आपल्या घरी येते ती माणूस म्हणून. आपल्या चुका वाहायला ती आलेली नसते.