दप्तरातला कोबी

मित्रांनो, मान जरा वर करा. रिन्स्केच्या घराच्या दारावर तिरकी काठी आहे ना, तिच्या टोकाला झेंड्याशेजारी लटकलेले निळे जुने दप्तर, ते मीच. घाबरू नका, मला कोणी शिक्षा केलेली नाही. आमच्याकडे पोर शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पास झाले, की त्याचे दप्तर असे टांगतात. दुपारी सरांचा फोन आला, रिन्स्के किंचाळली आणि तिची आई गेर्दा स्टुलावर चढून मला बांधून मोकळी झाली. आता रस्त्याने सायकलवरून जाणारा प्रत्येक जण वर बघतो, घंटी वाजवतो आणि "शाब्बास गं पोरी!" म्हणून ओरडतो. आत्मचरित्र सांगावे इतके काही मी थोर नाही. पण टांगलेल्याला दुसरा उद्योग तरी काय?

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड मेणकापड, पितळी बकले आणि चार कप्पे. मला शिवणाऱ्या बाईने पट्ट्यावर दुहेरी शिलाई मारली होती, म्हणून तर अजून मी खाली पडलेले नाही. रिन्स्के बारा वर्षांची असताना गेर्दा तिला घेऊन दुकानात आली. रिन्स्केचा जीव दुसऱ्याच एका चकचकीत दप्तरात अडकला होता. गेर्दाने ते दोन बोटांनी उचलले आणि परत ठेवले.

"वाऱ्यात टिकेल ते घ्यायचं, आरशात शोभेल ते नाही," ती म्हणाली. मला फार बरे वाटले. शोभत नाही असा त्याचा अर्थ होतो, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आले.

गावापासून शाळा अकरा किलोमीटर. मला कॅरिअरवर रबरी पट्ट्यांनी आवळायचे आणि कालव्याच्या काठाने निघायचे. आमच्या सपाट फ्रीसलंड प्रांताचा वारा जाताना समोरून येतो आणि परत येतानाही समोरूनच येतो, हे कसे ते मला आजवर कळलेले नाही. पण पावसाचा एक थेंब मी वह्यांपर्यंत पोहोचू दिला नाही. रिन्स्के वर्गातल्या मुलींना सांगायची, "माझं दप्तर म्हणजे बोट आहे, बोट!" हे झाले कौतुक. हेळसांडही सांगितली पाहिजे. एकदा शरदाच्या सुटीत माझ्या तळाशी एक केळे राहून गेले आणि मी जिन्याखाली तसेच पडून राहिले. सुटी संपली तेव्हा गेर्दाने नाकाला रुमाल लावून मला उघडले. त्या दिवशी मला जी लाज वाटली, ती केळे विसरणारीला मुळीच वाटली नाही.

रिन्स्के पंधरा वर्षांची झाली त्या वर्षी शाळेने अदलाबदल ठरवली. आमच्या मुलांनी आठ दिवस हंगेरीतल्या मुलांच्या घरी राहायचे आणि मग वसंतात तिकडच्या मुलांनी आमच्याकडे यायचे. रिन्स्केच्या वाट्याला बोरोका नावाची मुलगी आली. हिवाळाभर दोघी एकमेकींना पत्रे लिहीत होत्या. त्या पत्रांचा गठ्ठा माझ्या पुढच्या कप्प्यात असायचा, म्हणून मला माहीत आहे. रिन्स्के तशी घुमी पोरगी. वर्गात तिला जिवाभावाचे कोणी नव्हते. बोरोका वसंतात आपल्या घरी येईल, आपल्या खोलीत झोपेल, एवढ्या एका गोष्टीवर तिने तो सगळा हिवाळा काढला.

निघण्याच्या आदल्या दिवशी हूक्स्ट्रा सरांनी सगळ्यांना समोर बसवले.

"आपण कसे आहोत ते ठाऊक आहे ना? पोटात आलं की ओठावर आलंच. दुसऱ्याची नवी केशरचना आवडली नाही तर आपण त्याला नमस्काराआधी सांगतो. तिथे हे चालायचं नाही. लोकांची मनं दुखावतात. आठ दिवस 'नको' हा शब्द घरी ठेवून यायचा. कळलं?"

बाकीची मुले हसली. रिन्स्केने मात्र डायरी काढून लिहिले, 'नको म्हणायचे नाही,' आणि खाली पट्टी धरून रेघ ओढली. आमच्याकडे डायरीत चढले ते पाळायचेच असते. ती डायरी तिने माझ्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि तिथेच सगळ्याची सुरुवात झाली.

बोरोकाचे गाव तिसा नदीच्या काठावर होते. बस थांबली तेव्हा बोरोका धावत आली आणि तिच्यामागून तिची आई, इल्दिकोकाकू. काकूंना हंगेरियनशिवाय एक शब्द येत नव्हता, पण त्यांनी रिन्स्केला असे मिठीत घेतले की पाठीवरचे मीही त्यात सापडले. घरी टेबलावर पान मांडलेले होते. आधी सूप, मग खिमा भरून शिजवलेले कोबीचे रोल, वर घट्ट आंबट साय, आणि मग खसखशीचे पेस्ट्रीचे तुकडे.

आता इथे रिन्स्केच्या घरची एक रीत सांगायला हवी. ताटात टाकायचे नाही. बटाट्याचा शेवटचा तुकडाही खायचा, नाहीतर जेवणानंतरचे गोड मिळत नाही. गेर्दा एकदाच वाढते आणि तेही मोजके. म्हणून रिन्स्केने ताट लख्ख केले. काकूंचे डोळे चमकले आणि त्यांनी आणखी दोन रोल वाढले. तिने तेही संपवले. काकूंनी आणखी दोन वाढले. तिने माझ्याकडे, म्हणजे डायरीकडे, पाहिले आणि खाली मान घालून खात राहिली. त्या रात्री तिला कूस बदलता येईना.

दुसरा दिवस असाच गेला. दुपारी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा. बोरोका आईचे बोलणे इंग्रजीत करून सांगायची. "आई म्हणते, किती गुणाची पोरगी! बघ, जरा म्हणून नखरे नाहीत." गुणाची पोरगी घाम पुसत होती.

तिसऱ्या दिवशी तिने मला खुर्चीच्या पायाशी उघडे ठेवले. माझ्यात तिचा ब्रेडचा रिकामा डबा होता. काकू साय आणायला वळल्या आणि एक रोल ताटातून मांडीवरच्या कागदी रुमालात, रुमालातून डब्यात आणि डबा माझ्या पोटात आला. मित्रांनो, मी भूगोल वाहिला आहे, ओले बूट वाहिले आहेत, ते केळेही वाहिले आहे. पण चोरीचा कोबी मी तोवर वाहिला नव्हता. झाकणातून लाल तेल झिरपून माझ्या अस्तरात उतरले आणि माझे काळीज धडधडू लागले, म्हणजे दप्तराला काळीज असते असे धरा.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिने तो रोल शेजाऱ्यांच्या कुत्र्याला घातला. बोफी त्याचे नाव. आधी शेपूट हलवून त्याने आभार मानले. पाचव्या दिवशी सकाळी तो फाटकाशी वाट बघत बसला. संध्याकाळी तो बोरोकाच्या दाराशी येऊन बसला आणि माझ्याकडे टक लावून बघू लागला. काकू म्हणाल्या, "याला या पोरीचा किती लळा लागलाय!" रिन्स्के माझी बकले घट्ट लावू लागली.

सहाव्या दिवशी दुपारी दोघी शाळेतून परतल्या. सकाळी बोरोकाचे वडील बरोबर आल्याने बोफीचा वाटा तसाच माझ्यात राहिला होता. रिन्स्केने मला अंगणातल्या बाकावर ठेवले आणि ती बुटांची नाडी सोडू लागली. बोफीने माझा पट्टा दातात धरला आणि हिसडा दिला. मी पालथे झाले. डबा घरंगळला, झाकण उडाले आणि कोबीचे दोन रोल थेट इल्दिकोकाकूंच्या चपलेपाशी जाऊन थांबले.

काकू वाकल्या. त्यांनी आपल्याच हाताने वळलेला कोबी ओळखला. अंगठ्याने पानाची कड घट्ट दाबून त्या शेवट मिटवतात, तशी दुमड दुसऱ्या कोणाची नसते. त्या आत गेल्या आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"अगं, काय केलंस हे?" बोरोका म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई रोज तुझ्यासाठी... आणि तू कुत्र्याला? आता ती मला तुझ्याकडे पाठवेल असं वाटतं तुला?"

रिन्स्के जागच्या जागी थिजली. सगळा हिवाळा तिच्या हातातून निसटत होता आणि मला ते दिसत होते. पळून जावे, बसमध्ये जाऊन बसावे, असे तिला वाटले असणार, कारण तिने मला उचलून छातीशी धरले. पण ती फाटकाकडे गेली नाही. ती स्वयंपाकघरात गेली.

काकूंनी वळून न बघता विचारले. बोरोकाने सांगितले, "आई विचारते, मीठ जास्त होत होतं का?"

"नाही."

"मग कोबी आंबला होता?"

"नाही. छान होता. इतका छान कोबी मी कधी खाल्ला नाही."

"मग कुत्र्याला का घातलास?"

रिन्स्केने मोठा श्वास घेतला. आठ दिवसांचा नियम सहाव्या दिवशी मोडला. "कारण माझं पोट भरलेलं असायचं. पहिल्या दोन रोललाच भरायचं. मला आणखी नको होतं. रोज नको होतं. काकू, तुम्ही फार वाढता."

बोरोकाने आईच्या पाठीकडे पाहिले. "हे असं सांगू?"

"असंच सांग."

तिने सांगितले. काकू गर्रकन वळल्या. "मग ताट चाटूनपुसून रिकामं का करायचीस?"

"आमच्याकडे पानात टाकत नाहीत!"

"आणि आमच्याकडे रिकामं पान म्हणजे पाहुण्याची भूक बाकी आहे! वाढायला नको?"

"मग पुरे झालं हे सांगायचं कसं?"

"थोडं ठेवायचं, बाई! एक घास ठेवायचा ताटात!"

"घास ठेवला तर आई रागावते."

"कुठली आई? ती तिकडे आहे, इथे मी आहे!"

आणि काकू खुर्चीत बसल्या. त्या रडतात की काय म्हणून मी पट्टे आवळून घेतले, पण त्या हसत होत्या. डोळे पुसत, टेबलावर हात आपटत हसत होत्या. मधेमधे काहीतरी सांगत होत्या आणि बोरोकाही हसू आवरत त्याचे इंग्रजी करत होती. "ती म्हणते, सहा दिवस मी पाचला उठतेय. घरातलं पातेलं पुरेना म्हणून नणंदेकडून दुसरं आणलं. कोबीवाला विचारतो, घरात लग्न आहे का? मी यांना म्हटलं, हिचा देश सपाट आहे म्हणतात, पण पोरीच्या पोटात विहीर आहे!"

रिन्स्के हसता हसता रडली. सहा दिवसांचा श्वास तिने तिथे सोडला. काकूंनी तिला जवळ ओढले आणि बोरोकाकडून एवढेच कळवले, की वसंतात पोरगी येईल, पण तिला तिकडे उपाशी ठेवू नका. मग त्यांनी मला उलटे करून सोड्याने घासले आणि कुंपणावर उन्हात वाळत घातले. इतक्या मायेने मला कोणी कधी धुतले नव्हते. पुढचे दोन दिवस रिन्स्के ताटात एक घास ठेवायची, आणि बोफी आमच्याकडे बघतही नसे.

वसंतात बोरोका आली. गेर्दाने सहाच्या ठोक्याला जेवण मांडले, बटाटे आणि केल नावाची पालेभाजी एकत्र कुस्करलेली, वर सॉसेज. बोरोकाचे ताट रिकामे झाले, तशी गेर्दाने विचारले, "अजून घेतेस?"

"नको," बोरोका म्हणाली.

गेर्दाने पातेल्यावर झाकण ठेवले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. मी खुर्चीच्या पाठीला लटकलेले होते आणि मला बोरोकाचे डोळे दिसत होते. ते पातेल्याच्या मागोमाग ओट्यापर्यंत जात होते. ते रिन्स्केलाही दिसले.

"आई, झाकण ठेवू नकोस."

"का? नको म्हणाली ना ती."

"ते तिचं पहिलं नको आहे. अजून दोनदा विचारायचंय."

"नको म्हणजे नको. त्यात काय पहिलं, दुसरं असतं?"

"तिच्याकडे असतं. तिसऱ्यांदा विचारल्यावरच घ्यायचं, काकूंनीच सांगितलंय मला. विचार ना परत."

गेर्दाने पोरीकडे असे पाहिले, जणू तिला ताप आला आहे. पण तिने विचारले. "घेतेस का गं थोडं?"

"नको, खरंच नको," बोरोका लाजून म्हणाली आणि ताट बोटभर पुढे सरकवले.

गेर्दाने घड्याळाकडे पाहिले, झाकण उचलले आणि तिसऱ्यांदा विचारले. असा आग्रह तिने आयुष्यात कोणाला केला नव्हता. "अगं, घे की! एवढं केलंय कोणासाठी?"

"बरं. थोडंसंच," बोरोका म्हणाली, आणि तीन वेळा घेऊन जेवली.

मित्रांनो, मला रोज रिकामे करत जा. उन्हात ठेवत जा. तळाशी केळे विसरू नका, ही माझी पट्टे जोडून विनंती आहे. आणि आणखी एक. मला चार कप्पे आहेत, द्याल ते मी सांभाळीन. पण जे समोरच्या माणसाला तोंडाने सांगायचे, ते माझ्यात कोंबू नका. मी ते कितीही दिवस पोटात ठेवीन, पण 'एवढंच ना? मग आधीच सांगायचंस की, बाई!' असे म्हणून तुम्हाला जवळ घ्यायला माझ्याकडे हात नाहीत. इल्दिकोकाकूंकडे होते.