गोरखभाऊंच्या चार निवडणुका आणि मी

बालमित्रांनो, कामशेतच्या स्टँडवर चहाच्या टपरीशेजारी एक हिरवी जीप उभी असते. तिचा एक दिवा मिटलेला असतो आणि मागचं दार सुतळीने बांधलेलं असतं. तीच मी. वय झालं आहे, पण अजून चालते. थंडीत मात्र मला चार माणसांनी मागून ढकलावं लागतं.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या बरोबरच्या कुणी पोलिसांत गेल्या, कुणी डॉक्टरांकडे. मला जानू ड्रायव्हरने आणलं आणि वडापला, म्हणजे गावोगावची माणसं भाड्याने वाहायला लावलं. कामशेतहून पवनानगर आणि तिथून वर खडकवाडी. माणसं, कोंबड्या, भाताची पोती, एकदा तर एक उशीर झालेला नवरदेव, सगळ्यांना मी पोहोचवलं. खडकवाडीचा रस्ता म्हणजे खड्ड्यांच्या मधे मधे थोडा रस्ता.

खडकवाडीचा गोरख जानूच्या शेजारी बसून रोज त्या रस्त्याला शिव्या घालायचा. एकदा जानू वैतागून म्हणाला, "मग तूच आमदार हो की!"

गोरखला ते एकदम पटलं.

पहिल्या निवडणुकीला तो अपक्ष उभा राहिला. चिन्ह मिळालं खाट. जानूने खरीखुरी खाट माझ्या टपावर बांधली. आम्ही गावात शिरलो की बायका काळजीने बाहेर येत. "कोण आजारी हाय गं?" भोंग्यावरून गोरखभाऊंना विजयी करा असं ऐकल्यावर त्या विचारत, "मंजी आता बरं हाय ना त्येंचं?"

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी लोणावळ्यात मोठी सभा होती. आम्ही निघणार तोच खडकवाडीची म्हातारी चिमाबाई शेताच्या बांधावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. गोरखभाऊंनी टपावरची खाट सोडली, तिला खाटेवर निजवून माझ्यापर्यंत आणलं आणि आम्ही थेट दवाखाना गाठला. लोणावळ्यात खुर्च्या वाट बघत राहिल्या. निवडणुकीत भाऊंची अनामत जप्त झाली. खाट मात्र साऱ्या वाडीच्या लक्षात राहिली.

फार लक्षात राहिली. दुसऱ्या निवडणुकीत भाऊंना कपबशी मिळाली आणि खाट गेली खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्या उमेदवाराकडे. त्याने खडकवाडी नकाशातही पाहिली नव्हती. निकाल लागला तर सारी खडकवाडी त्याच्या पारड्यात! भाऊ पडलेल्या चेहऱ्याने चिमाबाईच्या ओट्यावर बसले.

"तू घोर करू नगंस, गोरख," ती म्हणाली. "मी खाटंचंच बटन दाबलं. समद्यांना तेच दाबाया लावलं."

"मावशी, मी कपबशी हुतो."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"रोज भोंग्यावर कपबशी कपबशी वरडत हुतो की!"

"मला वाटलं, च्याला बोलावतोयस."

तिसऱ्या वेळी एका मोठ्या पक्षाने तिकीट दिलं आणि भाऊ निवडून आले. लोणावळ्यात मिरवणूक निघाली, भाऊ माझ्या बॉनेटवर बसले होते. माझ्या अंगात इतका गुलाल गेला की पुढे आठवडाभर मी गुलाबी धूर सोडत होते. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान.

मग भाऊंकडे एक पांढरी मोठी गाडी आली. ती इतकी मऊ होती की आत बसून चहा प्यायला तरी बशीत थेंब सांडत नसे. ती समोरून आली की मला शेजारच्या शेतात उतरावं लागे. जानू हात करायचा. त्या गाडीची काच वर असायची. माझ्या स्प्रिंगचं एक पाटं मोडलं, दिवा गेला, पण कुणाचं लक्ष नव्हतं. अशातच भाऊंनी एका भाषणात सांगितलं की खडकवाडीचा रस्ता झाला. आम्ही सगळे चकित झालो.

चौथ्या निवडणुकीत भाऊ पडले. पांढरी गाडी आणि तिच्यातली माणसं नव्या आमदारांच्या मागे गेली. एका दुपारी भाऊ एकटेच स्टँडवर आले. मागच्या बाकावर, चाकाच्या बरोबर वर, एकच जागा उरली होती. समोर चिमाबाई बसलेली.

पहिल्याच खड्ड्याला भाऊंचं डोकं टपाला लागलं.

"जानू, हे काय?"

"खड्डा हाय, भाऊ."

"पण रस्ता झालाय ना?"

मग चिमाबाई म्हणाली, "झालाय की, भाषणात. आमी टाळ्या बी वाजवल्या." त्यावर जी हसाहस उठली, तिने माझे नट ढिले झाले. पुढे प्रत्येक खड्ड्याला कुणीतरी ओरडायचं, "ह्यो बी तुमचाच, आमदारसाहेब!"

खडकवाडीला भाऊ कंबर धरून उतरले. त्यांचे डोळे भरले होते. ते हळूच म्हणाले, "मावशी, मला कुणी सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं रं बाबा. काच वर हुती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊ पुन्हा आले. वाडीतली माणसं माझ्यात कोंबून त्यांनी बांधकाम खात्याच्या कचेरीसमोर मला उभं केलं. मी आडवी उभी राहिल्यामुळे साहेबांची गाडी निघेना, म्हणून साहेबच बाहेर आले. असं आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. शेवटी डांबर आलं. नारळ नव्या आमदारांनी फोडला. भाऊ गर्दीत उभे होते, त्यांना खोबऱ्याचा एक तुकडा मिळाला. तो त्यांनी चिमाबाईला दिला आणि झेंडूचा एक हार आणून माझ्या बॉनेटवर घातला.

मित्रांनो, हार छान होता, पण झेंडूने चाकं फिरत नाहीत. माझं ऑइल बदला, टायरांत हवा भरा, मोडलेलं पाटं वेळेवर बसवा. आणि ज्याला तुम्ही मोठेपणी निवडून द्याल, त्यालाही हार घालून मोकळे होऊ नका. अधूनमधून त्याला माझ्यासारखीच्या मागच्या बाकावर बसवा. चाकाच्या बरोबर वर.