ऐरणीची ओटी

बोरीच्या कुंभारगल्लीत पार्वतीबाईच्या नाकाइतकं कामसू नाक दुसरं नव्हतं. दिवसभर ते कशाला ना कशाला मुरडलेलंच असायचं. सून निकिता चहाच्या टपऱ्यांसाठी कुल्हड करायला लागली तेव्हा ते पहिल्यांदा मुरडलं. "एकदा पिऊन फेकायचं तर भाजायचं कशाला? पळसाच्या पानात द्या म्हणावं च्या," ती म्हणाली. मग निकिताने पणत्यांना सोनेरी रंग दिला, मातीचे कानातले केले, पोळ्याच्या बैलांना पापण्या काढल्या आणि या सगळ्याचे फोटो मोबाईलवर टाकले. तेव्हा सासूने आव्याच्या भट्टीतल्या राखेच्या ढिगाकडे बोट करून विचारलं, "हिचाबी फोटू काढ की. हिनं काय पाप केलंय?"

गंमत अशी, की त्या पापण्या आणि ती सोनेरी नक्षी पार्वतीबाईच काढायची. गल्लीत तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता आणि दुसऱ्याने काढलेलं तिला बघवत नसे. निकिताला नावं ठेवत ठेवत ती बैलांची रांगच्या रांग उरकायची आणि उरकल्यावर बैलांना नावं ठेवायची.

एका गोष्टीला मात्र तिने कधी नाक मुरडलं नाही. ती म्हणजे लग्नाच्या ऐरण्या. चुन्याने आणि गेरूने रंगवलेली, एकावर एक रचायची ही मडकी बाजारातून उचलून आणायची वस्तू नव्हती. ती न्यायला लग्नघर वाजतगाजत कुंभाराच्या दारात यायचं. आधी कुंभारणीला हळदकुंकू, मग खणानारळाने तिची ओटी, मग तिच्या पाया पडणं आणि नंतरच मडक्यांना हात. एरवी याच बायका रांजणाला टिचक्या मारमारून, हा वाकडा तो चिरका म्हणत जीव नको करायच्या. त्या एका दिवशी त्या वाकायच्या. पार्वतीबाईला ते वाकणं मनापासून आवडायचं. कबूल तिने कधी केलं नाही, पण ज्या वर्षी लग्नं कमी असत त्या वर्षी तिच्या तोंडाचा पट्टा जास्त चालायचा.

नवरा चंद्रभान गेला आणि ते सुख संपलं. ओटी सवाशिणीची. मडकी पार्वतीबाईच रंगवायची, पण वाजंत्री दारात आली की उठून आत जायची आणि पाटावर निकिता बसायची. हे तिला कुणी सांगितलं नाही, सांगावं लागलंही नाही. आतल्या खोलीत बसून ती बाहेरच्या बायकांना नावं ठेवायची. हिचं लुगडं हलकं, तिचा नारळ लिंबाएवढा. पुढे वाजंत्रीही येईनाशी झाली. लग्नं लॉनवर गेली आणि ऐरण्या खोक्यात भरून टेम्पोने जायला लागल्या.

यंदा घरावर आणखी एक सावट होतं. तिचा लेक भागवत याने पुण्याला एका गोदामात काम बघून ठेवलं होतं. जळण महागलं, मातीला पैसे पडायला लागले आणि मशीनवरचे कुल्हड ट्रक भरभरून यायला लागले. "एवढा लग्नाचा सीझन बघतो आई, न्हाईतर जातो मी," तो म्हणाला होता. एकदा तो गेला की निकिता आणि लेकरंही जाणार, चाकावर पोतं पडणार आणि घरात नावं ठेवायलाही कुणी उरणार नाही. या एका गोष्टीची पार्वतीबाईने कधी थट्टा केली नाही.

अशात एके दिवशी परभणीहून योगीराज आला. लग्नाचे सोहळे सजवून देणारा हा माणूस. डोक्यावर गॉगल, कानात यंत्र आणि तोंडात सारखं 'ओरिजिनल'. जिंतूर रोडच्या लॉनवर तो कुंभारवाडा उभा करणार होता. नवरीकडच्या बायका नाचत तिथे येणार आणि कुंभारणीकडून ऐरण्या नेणार. चुडाव्याकडचे माणिकराव, त्यांच्या मुलीच्या लग्नात पहिला प्रयोग. जमला तर सीझनभर त्या लॉनवरच्या प्रत्येक लग्नात हेच. ऐरण्या, दिवे, पाहुण्यांना वाटायची बोळकी, सगळा माल याच घरातून.

"बोरीत खरी कुंभारगल्ली हाय की," पार्वतीबाई म्हणाली. "हितंच या म्हणावं."

"आजी, इथं पार्किंग नाही," योगीराज म्हणाला.

निकिताने घाईघाईने विचारलं, "मंग मी बसू का कुंभारीण म्हणून?"

योगीराजने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही नको ताई. तुम्ही बँकेतल्या वाटता. आम्हाला असा चेहरा पाहिजे," असं म्हणून त्याने बाजारात बैलाचे दात दाखवावेत तसं पार्वतीबाईच्या सुरकुत्यांकडे बोट दाखवलं.

निकिताने तोंड उघडलं. ती काय बोलणार हे सासूला ठाऊक होतं. पण शेकड्यांनी लग्नं सजवलेल्या या शहाण्याला बाईच्या कपाळाकडे बघायचं माहीत नव्हतं. त्याची नजर सुरकुत्यांतच अडकली होती. सुनेच्या तोंडून शब्द निघायच्या आत पार्वतीबाई म्हणाली, "यीन मी."

तो गेल्यावर निकिता म्हणाली, "आत्या, वटी भरतेत तिथं. कुणी वळखलं तर लय बेइज्जती व्हईल."

"चुडाव्याच्या लोकायला मी काय माहीत? भागवत जायलाय पुण्याला, त्याच्यापुढं माझ्या इज्जतीचं काय घेऊन बसलीस?" पार्वतीबाई म्हणाली. हे खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं तिने गिळून टाकलं.

लग्नाच्या दिवशी लॉनवर पोहोचल्या पोहोचल्या तिचं नाक कामाला लागलं. थर्माकोलची झोपडी, तिच्यावर विकतचा पेंढा. भिंतीवर काड्यांच्या हातापायांची पांढरी माणसं फेर धरून नाचत होती. अशी माणसं बोरीतल्या कुठल्याच भिंतीवर तिने जन्मात पाहिली नव्हती. दाराशी गळ्यात कागदी फुलं घातलेलं एक भाड्याचं गाढव बांधलं होतं. बोरीच्या कुंभारांनी गाढवं सोडून जमाना झाला होता, माती ट्रॅक्टर टाकून जायचा. ते गाढव मान खाली घालून गप उभं होतं. "एवढ्या मंडळीत हेच एक शहाणं दिसायलंय," पार्वतीबाई म्हणाली.

मग रंगरंगोटी करणारी मुलगी आली. तिने पार्वतीबाईच्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. पदर नीट केला, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि म्हणाली, "कपाळ फारच मोकळं दिसतंय. आजी, डोळे मिटा."

तिथे नाही म्हणता आलं असतं. निकिता दोन पावलांवर ऐरण्या मांडत होती. तिचे हात थांबले. पार्वतीबाईने डोळे मिटले. मुलीने बंद्या रुपयाएवढं कुंकू रेखलं आणि ती निघून गेली, तरी पार्वतीबाईने डोळे लगेच उघडले नाहीत. उघडले तेव्हा निकिता खाली बघून मडकी पुसत बसली होती, आणि ती स्वच्छच होती.

डीजे सुरू झाला. बायका नाचत निघाल्या. वर भुंग्यासारखं घोंघावत कॅमेऱ्याचं यंत्र फिरायला लागलं. माणिकरावांची बायको, नवरीची आई, सगळ्यांच्या पुढे होती. पैठणी, घामाने निथळलेलं तोंड आणि हातात ताट. तिने पार्वतीबाईला हळदकुंकू लावलं. पदरात खण, नारळ आणि गहू घातले. मग पार वाकून पावलांना हात लावला आणि म्हणाली, "पडते पाया, मावशी."

पार्वतीबाईला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचीच चीड आली. या थर्माकोलच्या माणसांनी द्यावं आणि आपण पदर पसरून घ्यावं, तेही चोरून. पण पदरात नारळाचं वजन होतं, आणि ते वजन खरं होतं. चंद्रभान गेल्यापासून तिच्या पदरात असं कुणी काही घातलं नव्हतं.

"कट!" योगीराज ओरडला. "ताईंचा चेहराच आला नाही. पुन्हा."

ओटी काढून ताटात ठेवली गेली. बायका मागे गेल्या, पुन्हा नाचत आल्या. दुसऱ्यांदा नवरीच्या आईच्या तोंडात पान होतं. मग ऊन चेहऱ्यावर आलं म्हणून तिसऱ्यांदा. या खेपेला तिने खण पदरात टाकता टाकता मागे वळून विचारलं, "त्या नवरदेवाकडच्या पाहुण्यायला सरबत गेलं का?" आणि वाकली ती पार्वतीबाईच्या नव्हे, कॅमेऱ्याच्या पाया पडल्यासारखी. पहिली ओटी तरी खरी होती का, हे आता पार्वतीबाईला सांगता आलं नसतं.

बायका ऐरण्या डोक्यावर घेऊन मांडवाकडे वळल्या, तसा योगीराज आला आणि त्याने हात पुढे केला. "आजी, ते खण-नारळ द्या इकडे. संध्याकाळी परभणीत अजून एक कार्यक्रम आहे."

"वटी माघारी घेत न्हाईत, बाबा."

"आजी, ती ओटी नाही. शूटची प्रॉपर्टी आहे ती." तो हसला. लहान मुलाच्या हातातलं काही काढून घेताना हसतात, तसा.

निकिता जवळ येऊन हळूच म्हणाली, "द्या की आत्या. ह्यांचं पुण्याचं काय ते या एका कामावर अडून हाय. एका नारळासाठी नका घालवू."

सून खोटं बोलत नव्हती. पार्वतीबाईने पदरातल्या नारळाकडे पाहिलं. हडकुळा, कोरडा, हलवला तर पाणी बोलणार नाही असला नारळ. दुसऱ्या कुणाच्या ओटीत असता तर तिने त्याच्यावर अख्खी दुपार काढली असती. पण तो तिचा होता. ती उठली, देखाव्यात मांडलेल्या सिमेंटच्या चाकाच्या कडेवर तिने नारळ दाणकन हाणला, आणि दोन्ही भकलं योगीराजच्या पुढे धरली.

"घे तुझी प्रापर्टी. वटीतलं माघारी मागतोस? भिकार तुझं लगन आन भिकार तुझा कुंभारवाडा. तुज्यापरीस ते गाढव बरं, त्याला तेवढी तरी लाज हाय."

आवाज ऐकून मांडवाकडे निघालेल्या बायका वळल्या. डीजे थांबला. निकिताने कपाळाला हात लावला. योगीराज तोंड उघडं टाकून उभा होता. तेवढ्यात नवरीच्या आईला वाटलं की असाच रिवाज असणार. तिने पुढे होऊन तळहात पसरला, प्रसाद मागितला आणि मनोभावे पाया पडली. तिच्या मागे सगळ्या बायकांची रांग लागली. पार्वतीबाई खोबऱ्याचे तुकडे तोडून प्रत्येकीच्या हातावर आदळत होती आणि बायका ते डोळ्यांना लावत होत्या.

योगीराजचं तोंड मिटलं. त्याने कॅमेरेवाल्याकडे पाहिलं. "घेतलंस का?"

"सगळं घेतलंय."

"आजी, एक नंबर!" त्याने हातच जोडले. "पुढच्या लग्नाला हेच ठेवायचं. मी ओटी परत मागणार, तुम्ही भडकायचं, नारळ फोडायचा. ते गाढवाचंसुद्धा असू द्या. फक्त हा राग असाच पाहिजे बरं का, ओरिजिनल. सीझन तुमचा." मग तो निकिताकडे वळून मालाची बोलणी करायला लागला.

निकिता हसत होती आणि रडतही होती. भागवत आता जाणार नव्हता. पार्वतीबाईने उभ्या आयुष्यात कुणाला इतक्या मनापासून शिवी दिली नव्हती, आणि या माणसाने तीही ठरवून टाकली होती. तिला त्याचा भयंकर तिरस्कार वाटला आणि चाक चालू राहणार म्हणून जिवात जीवही आला. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि त्याचा तिला आणखी राग आला.

रंगरंगोटीवाली मुलगी ओला कागद घेऊन आली. "आजी, कुंकू पुसते."

पार्वतीबाईने तिचा हात बाजूला सारला. "ऱ्हाऊ दे."

दिवसाउजेडीच दोघी रिक्षाने बोरीला परतल्या आणि गल्लीच्या तोंडाशी उतरल्या. शेळ्यांना पाला टाकत असलेली शेजारीण केवळाबाई पाला हातातच धरून बघत राहिली. मागच्या दारांतून आणखी दोन-तीन तोंडं बाहेर आली. निकिता पदर ओढून भराभर पुढे निघाली. पार्वतीबाई मुद्दाम सावकाश चालली.

"आवं पार्वतीबाई," केवळाबाईने विचारलंच, "हे काय कपाळाला?"

"ड्युटीचं हाय," पार्वतीबाई न थांबता म्हणाली. "तुज्या पोराला कारखान्यावर खाकी देतेत, तसं मला हे देतेत. सीझनभर लावावं लागतंय."

केवळाबाईच्या हातातला पाला शेळीने ओढून नेला, आणि सीझन तर आत्ता कुठे लागला होता.