माझी मुकी पट्टी

मी पेटी बोलतेय. बाजाची पेटी. रत्नागिरीतल्या एका छोट्या चर्चमध्ये, खिडकीखालच्या स्टुलावर माझा मुक्काम असतो. खिडकीतून समुद्राचा वारा थेट माझ्या अंगावर येतो.

माझा जन्म कोल्हापूरचा. सागवानी अंग, पितळी सूर, मऊ कातडी लावलेला भाता. एस.टी.च्या टपावर बांधून मला घाट उतरवला. पालीच्या पुढे वाऱ्याला खारट वास येऊ लागला आणि अर्धवट झोपेत मला वाटलं, आता आयुष्यभर लाटांसारखं गायचं.

इथे तर तीच चार गीतं. तीही इतकी संथ, की दोन ओळींच्या मध्ये मला डुलकी लागे. त्या डुलकीत मी धावती, उसळती गाणी वाजवत असे.

१९९८ च्या पावसात खाऱ्या हवेने माझा एक सूर खाल्ला. मधली एक पांढरी पट्टी मुकी झाली. आमचे ज्येष्ठ पंच आत्मारामकाका म्हणाले, पावसाळा सरू दे, मग बघू. पावसाळे सरत गेले. हळूहळू मंडळींना सवय झाली. ती जागा आली की सगळे म्हातारे छाती भरून तो सूर स्वतःच म्हणत आणि पाहुण्यांना सांगत, ही आमच्या चर्चची खासियत. मोडलेल्या वस्तूचं कौतुक करायला माणसांना फार वेळ लागत नाही.

मला वाजवायची ती दर्शना. बी.एस्सी. झालेली, जिभेला धार असलेली. तरुणांसाठी संध्याकाळी वेगळी उपासना घेऊ या, असं तिने सुचवलं. काका म्हणाले, बघू. उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ बायकांनीही वाचावा, म्हणाली. तेही बघू. उपासना संपून सगळे चहाला बाहेर गेले, की ती माझ्यापाशीच बसून राही.

"इथून निघताना मी येतानापेक्षा रिकामी असते ग," ती एकदा मला म्हणाली.

गावातल्या एका हॉलमध्ये नवी मंडळी जमू लागली होती. तिथे गिटार होती, ड्रम होते. एका रविवारी ती तिकडे जाऊन आली. तिथे इतका आवाज होता, की आपली प्रार्थना आपल्यालाच ऐकू येईना, असं तिने सांगितलं. मग कितीतरी वेळ माझ्या पट्ट्यांवर नुसती बोटं ठेवून बसली. कुठे जायचं, हा तिच्यापुढचा प्रश्न नव्हताच. इथे राहायचं का, एवढंच ती ठरवत होती.

मंडळीच्या पुढच्या सभेत ती उभी राहिली. "ईस्टरपर्यंत पेटी दुरुस्त करा, मी इथेच राहीन. नाहीतर मी जाते."

आत्मारामकाका हसले. "अगो, तो सूर आम्ही म्हणतो ना? पेटी बिघडली म्हणून तर मंडळी मोठ्याने गायला लागली."

"काका, पेटी नीट झाली तर गाणार नाही का तुम्ही?"

कुणीतरी चहाचं विचारलं.

ईस्टरच्या सकाळी खिडकीतून आंब्यांचा वास येत होता. सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत, ढगांसारखी. दर्शनाने ती पट्टी दाबली. पट्टी खाली गेली, आवाज नाही. म्हाताऱ्यांनी छाती भरून तो सूर म्हटला. खरं सांगते, सुंदर म्हटला. तिने गीत शेवटपर्यंत वाजवलं, भात्याची कडी लावली, माझ्यावर कापड घातलं, आमच्या रीतीप्रमाणे काकांना सलाम केला आणि ती गेली.

त्यानंतर महिन्याभरात मला कोल्हापूरला नेऊन आणलं. आज २००३ साली माझे सगळे सूर बोलतात, पण मला वाजवणारं कुणी नाही. दुपारी आत्मारामकाका एकटेच येतात. एका हाताने भाता हलवतात आणि तीच एक पट्टी दाबून बसतात. त्या लांब सुरावर खिडकी, बाकं, पलीकडचा समुद्र, सगळं तरंगायला लागतं.

"लागला गो सूर," ते हळूच म्हणतात. कुणाला, ते मला ठाऊक आहे.

दर्शना, या एका सुरासाठी परत येऊ नकोस. जिथे गेलीस तिथेही मन रमलं नाही, तर आणखी पुढे जा. आणि काका, पुन्हा कुणी पोर उभी राहून काही मागू लागली, तर एवढं करा. बघू म्हणू नका.