बिनअंड्याचा लापिस

मित्रांनो, माझं दार नीट लागत नाही, एक पाय आखूड आहे आणि डोक्यावर निखाऱ्यांचे काळे डाग आहेत. मला पाहून आजवर कुणी 'वा!' म्हटलेलं नाही. शेगडीवर ठेवायचा, पत्र्याचा, जुना ओव्हन मी. जावा बेटावरच्या अंबारावा गावात दार्सोनो न्हाव्याचं दुकान आहे. दुकानामागे एक पडदा आणि पडद्यामागे स्वयंपाकघर. माझं सगळं आयुष्य तिथेच गेलं.

मला घडवलं सामिजान नावाच्या म्हाताऱ्यानं. बिस्किटांचे रिकामे डबे उलगडायचे, ठोकून सरळ करायचे आणि त्यांचे ओव्हन करायचे, हा त्याचा धंदा. घाईत त्यानं एका डब्याची रंगीत बाजू आत घातली. त्यामुळे माझ्या पोटात, वरच्या बाजूला, बिस्कीट खाणारी एक गोबऱ्या गालांची बाई छापलेली होती. पुढे जाळानं ती काळी पडली. दात तेवढे शिल्लक राहिले. केक फुगो की बसो, ते दात हसतातच.

दार्सोनोची बायको रुस्मिनी हिनं मला विकत घेतलं, त्याला कारण होतं तिची तीन वर्षांची मुलगी पालुपी. शेजारच्या वाढदिवसाला पालुपीनं केकचा एक घास खाल्ला आणि तिचे ओठ सुजले, घसा बसला, श्वास अडकला. दार्सोनो तिला उचलून दवाखान्यात धावला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी त्याच्यामागे धावलं. पोर वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, हिला अंडं चालत नाही, कधीच द्यायचं नाही. घरी आल्यावर पालुपीनं पहिला प्रश्न आईला, म्हणजे तिच्या इबूला, विचारला, "इबू, माझा केक कुठाय?"

दुसऱ्या दिवशी रुस्मिनी मला डोक्यावर घेऊन घरी आली.

तिथून आमच्या उचापती सुरू झाल्या. अंड्याच्या जागी तिनं केळं घातलं. केक चिकट झाला. भोपळा घातला. केक झाला, पण मधोमध विहीर पडली. मग ती विहीर तिनं नारळाच्या चवानं बुजवली. खरं तर अंडं काढायचं एवढंच काम होतं, पण बाईचा हात एकदा मोकळा सुटला तो सुटलाच. मैदा सांगितला की ती कसाव्याच्या कंदाचं पीठ घ्यायची. लोण्याऐवजी नारळाचं घट्ट दूध. चॉकलेट सांगितलं तर ताडगूळ जाळायची. मासिकातली पाककृती वाचताना तिचा चेहरा असा व्हायचा, की जणू समोरच्यानं भलतंच काही सांगितलं आहे आणि आता याला सुधारायला हवं.

चव बघायला गिऱ्हाइकं होतीच. गळ्यात पांढरं कापड, हात कापडाखाली, मानेला वस्तरा. पळणार कुठे? रुस्मिनी पडद्यातून यायची आणि थेट तोंडात घास भरवायची.

"कसा झालाय, गुरुजी?"

"मऊ आहे," निवृत्त शाळामास्तर सावधपणे म्हणायचे.

"टेंपेचा केलाय, आंबवलेल्या सोयाबीनचा."

"तरीच!" गुरुजी गिळायचे. "दार्सोनो, जरा लवकर आटप रे."

"मान हलवू नका," दार्सोनो म्हणायचा. "मी हे रोज खातो. काही होत नाही."

पण पालुपी सगळं खायची. विहीर पडलेलं, चिकटलेलं, करपलेलं. बोटं चाटून खायची आणि विचारायची, "उद्या काय?" मित्रांनो, त्या दोन शब्दांसाठी मी कितीतरी जाळ पोटात घेतला.

मग ती मोठी झाली. समारांगला औषधांच्या दुकानात कामाला लागली. तिथे प्रसोजो नावाचा मुलगा रोज डोकेदुखीची गोळी न्यायला येऊ लागला, आणि त्याचं डोकं दुखत नाही हे तिला फार उशिरा कळलं. दोघांचं जुळलं. अडचण एकच होती. प्रसोजोची आई कुस्तियाहबाई लापिस करण्यात नावाजलेली. लापिस म्हणजे थराथरांचा केक. एकेक पातळ थर भाजायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि त्यात ढीगभर अंड्यांचे बलक. समारांगमधल्या लग्नांना नवरदेव उशिरा आला तरी चालायचं, कुस्तियाहबाईंचा लापिस वेळेवर लागायचा.

"त्यांना माझ्या अंड्याचं काही सांगायचं नाही," पालुपीनं आईला बजावलं. "केकवाल्यांच्या घरात केक न चालणारी सून! हसतील मला."

"प्रसोजोला तरी सांगितलंस?"

"त्याला सांगितलंय की वजन वाढतं म्हणून खात नाही. लग्न होऊ दे, मग बघू. शपथ घे, इबू."

रुस्मिनीनं शपथ घेतली. पण तिचं तोंड असं झालं, की जणू तिनंच स्वतःचा टेंपेचा केक खाल्ला आहे.

पुढच्या खेपेला पालुपीनं विजेचा चकचकीत ओव्हन आणला. "पाहुण्यांना हे डबडं दिसायला नको," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. माझी रवानगी परसातल्या खुराड्यात झाली. एका तांबड्या कोंबडीनं मला आतून नीट पाहिलं, एक गिरकी घेतली आणि बैठक मारली. ज्याच्या पोटात कधी अंडं गेलं नाही, त्याच्या पोटात आता अंड्यांची रास साठू लागली. मला काय वाटलं ते विचारू नका.

मागणी घालायला पाहुणे येण्याच्या आदल्या सकाळी रुस्मिनीनं नव्या ओव्हनचं बटण दाबलं. टप् आवाज झाला आणि अख्ख्या घराची वीज गेली. बाहेर दार्सोनोचं मशीन गुरुजींच्या डोक्यावर मधोमध थांबलं. वीज आणायची, बटण दाबायचं, वीज जायची. तिसऱ्यांदा गुरुजी पडद्यातून आत आले. डोक्याची एक बाजू सपाट, दुसरीवर पांढरं रान.

"रुस्मिनी, एक तर तुझा केक होईल, नाहीतर माझं डोकं होईल. तूच ठरव."

रुस्मिनीनं एकदा त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि ती तरातरा परसात आली. कोंबडीनं तिला टोचलं. तिनं कोंबडीला शिवी दिली, पिसं झटकली, मला घासून पुसून शेगडीवर चढवलं. दाराला कपड्यांचा चिमटा लावला, डोक्यावर निखारे ठेवले. मग भोपळा, कसाव्याचं पीठ, नारळाचं दूध, ताडगूळ, दालचिनी, लवंग. थरावर थर. माझ्या आखूड पायामुळे प्रत्येक थर डावीकडे जाड झाला. संध्याकाळी लेक कामावरून आली. वीतभर उंचीचा तो वाकडा केक पाहून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"इबू, हा मांडू नकोस. तुला हात जोडते. एकदा तरी इतरांसारखं कर ना!"

रुस्मिनीनं केक परत माझ्या पोटात ठेवला आणि चिमटा लावला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. दुकानातली खुर्ची बाजूला सारून चटया अंथरल्या होत्या, पडदा अर्धा उघडा होता, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. कुस्तियाहबाई ताठ बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर सोनेरी कागदातला लापिस होता. बोलणी झाली, हशा झाला, दार्सोनोनं नवरदेवाचे केस फुकट कापायचं कबूल केलं. मग बाईंनी सुरी मागितली.

"आमच्याकडे पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "सुनेला पहिला घास सासूच्या हातचा. ये गं, पालुपी. आ कर."

पालुपीनं घास लपवायला रुमाल तयार ठेवला होता, पण घास हातात मिळेल असं तिला वाटलं होतं. तो सरळ ओठांपाशी आला. तिनं प्रसोजोकडे पाहिलं. तो आनंदानं हसत होता. मित्रांनो, तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"थांबा!"

रुस्मिनीनं कुस्तियाहबाईंचं मनगट धरलं होतं.

"तिला अंडं चालत नाही. घसा बंद होतो तिचा. लहानपणी मरता मरता वाचलीय." मग ती लेकीकडे वळली. "शपथ मोडली मी. बस रुसून. पण जिवंत राहून रुस."

कुस्तियाहबाईंनी घास खाली ठेवला. "अगं पोरी," त्या कशाबशा म्हणाल्या, "माझ्या हातून काय झालं असतं! बोलली का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं," पालुपी पुटपुटली.

"आणि तू रे?" बाई मुलावर उखडल्या. "रोज भेटतोस ना हिला?"

"ती म्हणाली वजन वाढतं..."

"वजन! हिच्यात आहे कुठे वजन?" मग त्या रुस्मिनीकडे वळल्या. "विहीणबाई, मग इतकी वर्षं हिला गोड काय खायला घातलंत?"

दार्सोनोला राहवलं नाही. "सगळं," तो म्हणाला. "आणि आम्हालाही."

रुस्मिनी आत आली, चिमटा काढला आणि तो वाकडा लापिस बाहेर नेला. कुस्तियाहबाईंनी तो फिरवून पाहिला, थर मोजले, हुंगला, छोटा तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला.

"हा लापिस नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच," रुस्मिनी म्हणाली.

"डावीकडे जाड आहे."

"ओव्हन लंगडा आहे."

"आणखी एक तुकडा द्या."

लग्न ठरलं. त्यानंतर कुस्तियाहबाई समारांगहून आमच्याकडे शिकायला येऊ लागल्या. एवढी नावाजलेली बाई माझ्यासमोर पाटावर बसायची आणि घामाघूम व्हायची.

"पीठ किती?"

"पुरेल इतकं."

"भाजायचं किती वेळ?"

"वास येईपर्यंत."

"कसला वास?"

"झाल्याचा! तुम्हाला नाक नाही का, विहीणबाई?"

दोघी कडाकडा भांडायच्या. भांडण ऐकायला गुरुजी केस वाढलेले नसतानाही येऊन बसायचे. पहिले केक कोंबड्यांनीसुद्धा सोडून दिले. पण बाई चिवट होत्या.

लग्नाच्या दिवशी मला बैलगाडीसारख्या खडखडणाऱ्या टेम्पोतून मांडवात नेलं. सगळ्यांसमोर कुस्तियाहबाईंनी स्वतः केलेला बिनअंड्याचा लापिस कापला. घास उचलला, आधी रुस्मिनीकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. पालुपीनं या वेळी डोळे उघडे ठेवून घास घेतला. बाई तिच्या ओठांकडे टक लावून बघत होत्या.

"काय होतंय का गं? श्वास येतोय ना? बोल की!"

पालुपी चावत राहिली. मग सासूकडे बघत हळूच म्हणाली, "इबू, मधे जरा कच्चा आहे."

कुस्तियाहबाई अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं आणि सुरी हातातून खाली पडली. "बघा," त्या रुस्मिनीला म्हणाल्या, "सून माझीच आहे!"

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी काळा, लंगडा डबा असेल तर त्याची राख वेळच्या वेळी झाडा, दार हळू लावा, पावसात ठेवू नका, कोंबड्यांना तर मुळीच देऊ नका. पानावर नवं माणूस बसलं की वाढण्याआधी त्याला काय चालतं ते विचारा. आणि घास कच्चा लागला तर लाजू नका, तसं सांगून टाका. आम्ही तो परत आत घेतो.